‘मॉइन’ म्हणजे सकाळ की सुंदर?

(चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उत्तरवारा

जर्मनीच्या उत्तरेला, म्हणजे हाम्बुर्ग, ब्रेमेन, श्लेस्विग-होल्स्टाइन आणि डच सीमेलगतचा पूर्व फ्रिसलंड या पट्ट्यात, माणूस भेटला की ‘मॉइन’ म्हणतात. सकाळी सातला बेकरीत मॉइन, दुपारी तीनला बसच्या ड्रायव्हरला मॉइन, रात्री दहाला जिन्यात शेजारी दिसला तरी मॉइन. उत्तरही तेच. अर्थाबद्दल कुणाचं दुमत नाही, सगळा वाद उगमाचा आहे.

एक पक्ष म्हणतो, हा ‘मॉर्गन’ म्हणजे ‘सकाळ’ झिजून झालेला शब्द. दुसरा पक्ष म्हणतो, सकाळीशी याचा काही संबंध नाही. प्लाट, म्हणजे उत्तरेकडची जुनी बोली, तिच्यात ‘मोय’ म्हणजे छान, सुंदर. ‘मोयन डाख’ म्हणजे दिवस छान जावो. त्यातला ‘डाख’ गळला आणि ‘मोयन’ उरला. जर्मन शिकणाऱ्यांच्या गटांत आणि पर्यटन पुस्तिकांत हल्ली हा दुसरा उगम सिद्ध झाल्यासारखा सांगतात, आणि पुरावा एकच देतात: रात्रीही म्हणतात, मग त्यात सकाळ कशी असेल?

माझं म्हणणं असं की या वादातला सगळ्यात कच्चा पुरावा हाच आहे. भेटीगाठीचे शब्द आपला मूळ अर्थ फार लवकर सोडतात. आपण घराबाहेर पडताना ‘येतो’ म्हणतो, आणि जातो. जर्मन ऑफिसांत दुपारी बाराच्या सुमारास व्हरांड्यात समोर येणाऱ्याला ‘मालत्साइट’ म्हणतात. शब्दशः ‘जेवणाची वेळ’, पण समोरचा जेवून परत येत असला तरी म्हणतात. नॉर्वेत ‘मॉर्न’ हा उघडउघड ‘सकाळ’पासून आलेला शब्द, पण तो कोणत्याही वेळी चालतो, दोनदाही म्हणतात, आणि निरोप घेताना त्याचाच ‘मॉर्ना’ होतो. लक्झेंबर्गमध्ये ‘मोयन’ दिवसभर म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत ‘सकाळ’ या नामाचा शब्दही ‘मोयन’च आहे. म्हणजे ‘सकाळ’चा दिवसभराचा नमस्कार झाल्याची दोन उदाहरणं जवळपासच आहेत.

आता ध्वनींचं. ‘मॉर्गन’मधला ‘र’ जर्मन तोंडात जवळजवळ स्वर होतो: मॉअगन. ‘ग’चा ‘य’ होणं बर्लिनच्या बोलीत रोजचं आहे. ‘गूट’चा ‘यूट’, तसं ‘मॉर्गन’चं ‘मॉर्यन’. त्यातला अर्धा ‘र’ गेला की ‘मॉयन’, आणि उच्चाराचे दोन तुकडे एकात मिसळले की ‘मॉइन’. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘नगर’चं प्राकृतात ‘नयर’ झालं आणि पुढे ‘नेर’. संगमनेर, अमळनेर, पारनेर बघा. तिथेही ‘ग’ आधी ‘य’ झाला, मग विरघळला.

सांजवेळ

‘येतो’चं उदाहरण इथे बसत नाही. ‘येतो’मध्ये परत येण्याचा अर्थ मुळीच मेलेला नाही. ‘जातो’ अशुभ वाटतं म्हणून तर ‘येतो’ म्हणायचं, आणि कुणी चुकून ‘जातो’ म्हटलं तर घरातली म्हातारी माणसं ‘येतो म्हण’ असं आजही टोकतात. अर्थ जिवंत आहे म्हणूनच शब्द टिकून आहे.

आणि तुम्ही एक गोष्ट वगळलीत. हाम्बुर्गमध्ये ‘मॉर्गन!’ हा आखूड नमस्कारही चालतो. ऑफिसात शिरताना लोक तो म्हणतात, पण सकाळीच. दुपारनंतर तो कुणी उच्चारत नाही. एकाच गावात, एकाच माणसाच्या तोंडी दोन शब्द, त्यातला एक वेळेला बांधलेला आणि दुसरा मोकळा. दुसरा पहिल्याचंच झिजलेलं रूप असेल तर तो मोकळा कधी आणि का झाला, हे सांगावं लागेल. डुडेनसारखा कोशही पूर्व फ्रिसलंडच्या ‘मोय’कडेच बोट दाखवतो.

उत्तरवारा

‘येतो’बद्दल तुमचं बरोबर, ते उदाहरण मागे घेतो. ‘मालत्साइट’, ‘मॉर्न’ आणि ‘मोयन’ मात्र तसेच उभे आहेत.

मोकळा का झाला, तर झिजला म्हणून. रूप इतकं बदललं की बोलणाऱ्याला त्यात ‘सकाळ’ ऐकू येईना, आणि मग घड्याळाचं बंधन उरलं नाही. ‘नेर’मध्ये कुणालाही ‘नगर’ ऐकू येत नाही. पूर्ण शब्द ‘मॉर्गन’ मात्र रोज ‘सकाळ’ आणि ‘उद्या’ या अर्थांनी वापरात आहे, तो कसा सुटेल?

डुडेनने त्या नोंदीत ‘वोल’ हा शब्द घातलाय. वोल म्हणजे बहुधा. कोशकार जिथे ‘बहुधा’ म्हणतो तिथे आपण ‘सिद्ध’ म्हणू नये, एवढंच.

बोरू

मी ‘मोय’च्या बाजूचा आहे, पण रात्रीचा मुद्दा सोडून द्यावा या मताचा. त्याने आमचीच बाजू लंगडी पडते. खरे मुद्दे वेगळे आहेत.

पहिला, तुमच्या संगमनेरचा. ‘नगर’मध्ये ‘ग’ दोन स्वरांच्या मध्ये आहे, म्हणून तो सैल पडला. ‘मॉर्गन’मध्ये त्याच्या पाठीला ‘र’ चिकटलेला आहे. ‘र्ग’ या जोडाक्षराचं मराठीत काय झालं ते बघायचं तर ‘मार्ग’ घ्या. त्याचं ‘मग्ग’ झालं, मग ‘माग’. माग काढणे, मागावर असणे. ‘माय’ झालं नाही. इंग्रजीतही तेच दिसतं. जर्मन ‘टाग’चा जोडीदार ‘डे’, ‘रेगन’चा ‘रेन’, ‘नागल’चा ‘नेल’. तिन्हीकडे ‘ग’ स्वराच्या मागे आहे आणि तिन्हीकडे त्याचा ‘य’ झाला. पण जुन्या इंग्रजीतल्या ‘मॉर्गन’चं झालं ‘मॉर्वन’ आणि पुढे ‘मॉर्न’. ‘र’नंतरचा ‘ग’ ‘व’कडे गेला, ‘य’कडे नाही. हाम्बुर्गच्या प्लाटमध्येही ‘सकाळ’चं आखूड रूप ‘मॉर्न’ असंच ऐकू येतं. बर्लिनचं ‘मॉर्यन’ बर्लिनचं आहे. ते एल्ब नदीच्या मुखाशी, म्हणजे हाम्बुर्गकडे, आणून बसवायचं तर वाट दाखवावी लागेल. आणि लक्झेंबर्ग हाम्बुर्गपासून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर लांब, वेगळ्या बोलीगटात. तिथला ध्वनिनियम इथे लागू होत नाही.

दुसरा मुद्दा शेवटच्या ‘न’चा. प्लाटमध्ये ‘डाख’ (दिवस), ‘आव्हंड’ (संध्याकाळ) आणि ‘मॉर्गन’ तिन्ही पुल्लिंगी. ‘तुला अमुक लाभो’ अशा वाक्यात ते कर्मस्थानी येतात, म्हणून विशेषणाला ‘न’ लागतो: मोयन डाख, मोयन आव्हंड. ‘रात्र’ स्त्रीलिंगी, तिला ‘न’ लागत नाही. जर्मन शिकलेल्यांना हे ‘गूटन टाग’ आणि ‘गूट नाख्ट’ या जोडीवरून माहीत असतं. म्हणजे ‘मोय’ला ‘न’ कुठून आला, याचं उत्तर व्याकरणातच आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. पूर्व फ्रिसलंडच्या पलीकडे, एम्स नदीच्या मुखापलीकडे, नेदरलँड्सचा ग्रोनिंगन प्रांत. तिथे आणि शेजारच्या ड्रेंटमध्ये नमस्कार आहे ‘मोय’. शेवटी ‘न’ नाही. आता ग्रोनिंगनची बोली शब्दान्तीचा ‘न’ घट्ट धरून ठेवणारी आहे. बाकीचे डच ‘-एन’मधला ‘न’ गिळतात, ग्रोनिंगनचे लोक ‘ए’ गिळतात आणि ‘न’ उच्चारतात. अशा बोलीत ‘मॉर्गन’चा ‘न’ गळून ‘मोय’ उरेल, हे पटत नाही. ‘मोय’ म्हणजे सुंदर हे विशेषण मात्र तिथे जसंच्या तसं आहे.

उत्तरवारा

‘मार्ग’चा ‘माग’ हा मुद्दा नेमका आहे आणि माझ्या ध्वनींच्या मांडणीत ती फट आहे हे मान्य. तरी ‘र’नंतरच्या ‘ग’चा ‘य’ होतच नाही असं म्हणता येणार नाही, कारण बर्लिनमध्ये तो झालाय आणि लक्झेंबर्गमध्येही. वाट लांबची आहे, पण आहे.

तुमच्या बाजूची फट आता बघा. जर्मन माणूस नमस्कार आखूड करतो तेव्हा काय टाकतो? विशेषण. ‘गूटन टाग’चं ‘टाग!’, ‘गूटन आबंट’चं ‘नाबंट!’, ‘गूटन मॉर्गन’चं ‘मॉर्गन!’. प्रत्येक वेळी नाम उरतं. ‘मोयन डाख’मधून ‘डाख’ गळून विशेषण उरलं, तर ती या सगळ्यांच्या उलट चाल झाली. एकाच शब्दासाठी नियम उलटा का फिरावा?

बोरू

उलटी चालही त्याच भागात आहे. नेदरलँड्समधल्या फ्रिसलंड प्रांतात ‘गूये!’ हा रोजचा नमस्कार आहे, म्हणजे नुसतं ‘चांगला’. मागचा ‘दिवस’ गळला, विशेषण उरलं. जर्मनीत जेवणाच्या टेबलावर ‘गूटन अपेटीट’ऐवजी नुसतं ‘गूटन!’ सर्रास चालतं. म्हणजे विशेषण उरवणं जर्मन तोंडाला वर्ज्य नाही, आणि उत्तर समुद्राच्या काठावर तर ते नमस्कारातच दिसतं.

ताम्हण

पुण्यात जर्मनचे वर्ग भरपूर. तिथून हाम्बुर्ग-ब्रेमेनला शिकायला किंवा नोकरीला जाणारे बरेच, म्हणून वापराबद्दल थोडं लिहिते. यातल्या एक-दोन गोष्टी उगमाच्या वादातही कामाच्या आहेत.

उच्चार: ‘मो-ईन’ असे दोन तुकडे करू नका. मराठी तोंडाला तीच सवय लागते, कारण आपण ‘मोईन’ असं नाव म्हणतो. जर्मन नऊचा आकडा ‘नॉइन’ जसा एका झटक्यात म्हणता, तसाच एका झटक्यात ‘मॉइन’. स्वर लांबवायचा नाही, शेवटी सूर चढवायचा नाही.

‘गूटन मॉइन’ म्हणू नका. नवशिके ‘गूटन मॉर्गन’च्या धर्तीवर हे बनवतात, ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटतं. कुणी ‘मॉइन’ म्हटलं तर उत्तर ‘मॉइन’, ‘गूटन टाग’ नको. तसं उत्तर चूक नाही, पण थंड लागतं. सहकाऱ्यांना मेलमध्ये ‘मॉइन त्सुझामन’ (मॉइन सगळ्यांना) चालतं. नोकरीचा अर्ज, घरमालकाला दिलेली लेखी सूचना, सरकारी कचेरीचं पत्र यांत चालत नाही, तिथे ठरलेला औपचारिक मायनाच हवा. सांत्वनाला गेल्यावरही नको. निघताना हाम्बुर्गमध्ये ‘च्यूस’ म्हणतात, ‘मॉइन’ नाही. म्युनिकमध्ये ‘मॉइन’ सगळ्यांना कळतो, पण तुम्ही उत्तरेकडून आलात हेही कळतं. तिथे ‘ग्र्यूस गॉट’ किंवा ‘सेर्वुस’.

एकदा की दोनदा? हाम्बुर्ग आणि होल्स्टाइनमध्ये एकदाच म्हणण्याकडे कल, आणि ‘मॉइन मॉइन म्हणजे फार बडबड झाली’ अशी म्हणच आहे. पूर्व फ्रिसलंडमध्ये मात्र दुहेरी रूप घरचं आहे. ‘मोय’वाले याचाही उलगडा करतात: ‘मोयन मॉर्गन’, म्हणजे ‘छान सकाळ’, यातले दोन्ही शब्द झिजून एकसारखे झाले आणि ‘मॉइन मॉइन’ झालं. मला तो ओढूनताणून वाटतो. नमस्काराची द्विरुक्ती ही जगभरची गोष्ट आहे. आपल्याकडे ‘राम राम’ आहे, म्हणून काही दोन राम वेगळे शोधावे लागत नाहीत.

सांजवेळ

@ताम्हण, निघताना म्हणत नाहीत हे हाम्बुर्गपुरतं. डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला, स्यॉनरयूलंडमध्ये, हाच शब्द निरोपालाही सर्रास वापरतात. तिथे तो ‘आय’ऐवजी ‘जे’ अक्षराने लिहितात. हा भाग १८६४च्या युद्धानंतर डेन्मार्कच्या हातून गेला, १८६७ला प्रशियात सामील झाला आणि १९२०च्या सार्वमतानंतर डेन्मार्ककडे परतला. पण शब्द त्या ५६ वर्षांतच तिकडे गेला असं समजायचं कारण नाही. श्लेस्विगमध्ये डॅनिश, प्लाट, फ्रिसियन आणि जर्मन शतकानुशतकं एकाच बाजारात बोलल्या जात होत्या.

निरोपालाही चालणारा शब्द ‘सकाळ’ असण्यापेक्षा ‘छान असो’ असणं जास्त सरळ नाही का?

उत्तरवारा

सरळ वाटतं, पण नॉर्वेचं ‘मॉर्ना’ निरोपाचंच आहे आणि ते ‘सकाळ’पासून आलंय यात शंका नाही. सरळ वाटणं हा पुरावा झाला तर फिनलंडचं ‘मोय’ही यात ओढावं लागेल. तिथेही भेटताना ‘मोय’ आणि निघताना ‘मोय मोय’ म्हणतात. ऐकायला सारखं आहे म्हणून नातं जोडायचं नसतं.

कोरा कागद

तुम्ही दोघंही नकाशा बाजूला ठेवून बोलताय. नमस्काराचा ‘मॉइन’ पूर्व फ्रिसलंडपासून डॅनिश सीमेपलीकडेपर्यंत पसरलाय. पण ‘मोय’ हे विशेषण तेवढ्या भागात नाही. ते पश्चिमेकडचं. पूर्व फ्रिसलंडमध्ये चांगल्या हवेला ‘मोय वेअर’ म्हणतील. होल्स्टाइनच्या प्लाटमध्ये तिथे ‘श्यॉन’ येईल किंवा ‘फाइन’. रोजच्या बोलण्यात नसलेल्या विशेषणातून कुणी नमस्कार घडवत नाही. तेव्हा पूर्वेकडे तो एकतर आयात झाला, किंवा तिथे तो ‘मॉर्गन’पासून स्वतंत्रपणे झिजून तयार झाला.

मला वाटतं दोन्ही झालंय. पश्चिमेला ‘मोयन डाख’चा तुकडा, पूर्वेला ‘मॉर्गन’चा झिजलेला तुकडा. दोन्ही कानाला जवळजवळ एकच. खलाशी, गुरांचे व्यापारी आणि बंदरांतले हमाल यांच्यात ते एकमेकांत मिसळले. वेळेचं बंधन पश्चिमेच्या शब्दाला नव्हतंच, ते मिसळताना पूर्वेच्या शब्दाचंही सुटलं. @सांजवेळ यांनी विचारलेल्या ‘कधी आणि का मोकळा झाला’ याचं उत्तर यात मिळतं.

जुने पुरावे विरळ का, हेही सांगायला हवं. हान्सा व्यापारी संघाच्या काळात प्लाट ही लिहायची भाषा होती. ल्यूबेक शहराची दप्तरं तिच्यात होती, १५३४ला तिच्यात अख्खं बायबल ल्यूबेकला छापलं गेलं. पण सोळाव्या-सतराव्या शतकांत शहरांच्या कचेऱ्या एकेक करून दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये लिहू लागल्या, आणि हान्साची शेवटची सभा १६६९ला भरली. त्यानंतर प्लाट घरात आणि गोदीत राहिली, कागदावर फारशी नाही. नमस्कारासारखा शब्द तर आधीच कागदावर कमी येतो. हिशोबाच्या वहीत कोण ‘मॉइन’ लिहील?

बोरू

‘दोन्ही खरं’ हे उत्तर भांडण मिटवायला सोयीचं असतं, म्हणून मला त्याचा धाक वाटतो. ते खोटं ठरवता येईल अशी कसोटी सांगा, मग मानतो.

कोरा कागद

रास्त मागणी. कसोटी अशी. शब्दाचा प्रत्येक जुना छापील दाखला घ्यायचा आणि त्याच्यासमोर पाच गोष्टी लिहायच्या: साल, गाव, प्रसंगातली वेळ, एकेरी की दुहेरी, आणि भेटताना की निघताना. पूर्वेकडच्या सगळ्यात जुन्या दाखल्यांत प्रसंग सकाळचेच निघाले आणि पश्चिमेकडच्या तितक्याच जुन्या दाखल्यांत दिवसभराचे, तर दोन उगम. सगळीकडे आधी सकाळचेच निघाले तर @उत्तरवारा यांचा पक्ष, आणि माझं चूक. पूर्वेला आधी काहीच नाही आणि नंतर थेट दिवसभराचा वापर बंदरांतून सुरू होताना दिसला, तर तुमचा.

साहित्य हाताशी आहे. जर्मन वर्तमानपत्रांचं ‘डॉइचेस त्साइटुंग्सपोर्टाल’ २०२१पासून खुलं आहे, ग्रोनिंगनच्या बाजूसाठी ‘डेल्फर’ हा डच संग्रह आहे. दोन्हींत मजकुरातला शब्द शोधता येतो. अडचण वेगळीच येते. जुना जर्मन छापा फ्राक्टुर या कोनदार वळणाच्या लिपीतला, त्यात ‘ओ’ आणि ‘ए’ यांत अक्षरं ओळखणारं यंत्र गोंधळतं, म्हणून ‘मॉइन’ शोधायला गेलं की माइन नदीच्या बातम्यांचा ढीग समोर येतो. फ्रेंच ‘मुआँ’ (कमी) हा शब्दही अक्षरं जवळपास सारखी असल्याने मध्ये घुसतो. म्हणून नुसता ‘मॉइन’ शोधू नये. सोबत ‘म्हणाला’ किंवा ‘ओरडला’ अशी क्रियापदं जोडावीत, आणि प्रत्येक निकालाचं मूळ पानाचं चित्र उघडून डोळ्यांनी वाचावं. शिवाय ‘मॉइन’ लिहिलंय की ‘मॉयेन’ की ‘मोयन’, तेही टिपावं. त्या काळी बोलीचं लेखन ज्याचं त्याचं होतं.

उत्तरवारा

कसोटी मान्य, एक भर घालून. वर्तमानपत्रात बोली आली की ती बहुधा विनोदी प्रहसनात किंवा खेडूत पात्राच्या तोंडी येते. लेखक शहरी असतो, आणि त्याला ‘सकाळ’ ऐकू आली तर तो प्रसंगही सकाळचाच रंगवतो. तेव्हा सकाळच्या प्रसंगाचं वजन माझ्या बाजूनेसुद्धा कमी धरावं. रात्रीचा एक जुना दाखला सकाळच्या दहांपेक्षा जास्त सांगून जाईल.

बोरू

ग्रोनिंगनची बाजू मी घेतो. ‘न’ असलेला आणि ‘न’ नसलेला, दोन्ही वेगळे मोजेन. ‘न’ नसलेला जुना निघाला तरी मी लगेच जिंकलो म्हणणार नाही, पण मग ‘मॉर्गन’वाल्यांना त्या ‘न’चा हिशोब द्यावा लागेल.

ताम्हण

दाखल्यांच्या यादीत सहावा रकाना ठेवा: उत्तरात काय म्हटलं. ‘मॉइन’ला ‘मॉइन’ आलं, की ‘गूटन टाग’ आलं. दुपारच्या प्रसंगात ‘मॉइन’ला ‘गूटन टाग’ असं उत्तर असेल, तर निदान उत्तर देणाऱ्याला त्यात ‘सकाळ’ ऐकू येत नव्हती.